गुरुवारचं पाणी

विजयश्रीला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि कुरणवाडीची पोरं डोहात उतरतील की नाही हे मात्र तिच्या शब्दावर ठरायचं. आता याला काय म्हणावं! पण झालं होतं खरं तसं. नदीकाठच्या उंबरापाशी एक बांबू रोवलेला होता. त्याला ती हिरवं नाहीतर लाल फडकं बांधायची आणि शेजारी शाळेतला जुना फळा टेकवून त्यावर खडूने आकडे लिहायची. आकडे गावात कुणाला कळत नव्हते. फडकं सगळ्यांना कळत होतं, आणि जानेवारीपासून ते हिरवंच होतं.

बाई मूळची काळेवाडीची. बाप बीडकडून पोटामागे आलेला, दोन खोल्यांचं घर, नळ आला की भांडी भरायची, एवढाच तिचा आणि पाण्याचा संबंध. डिप्लोमा करून ती चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली. तिथल्याच स्टोअरमधल्या निरंजन गव्हाण्याशी लग्न झालं आणि कुरणवाडीला आली. बोटभर पार्टात केसाएवढी चूक असली तरी हिला दिसायची आणि एकदा दिसली की ती समोरच्याला सोडायची नाही. कंपनीतली माणसं पाठीमागे म्हणत, ही बाई नाकानं कांदे सोलते. पण हिच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, हेही तेच सांगत.

सासरा बन्सी म्हणजे तिच्या अगदी उलट. शाळेची पायरी चढला ती चौथीपर्यंत, पण डोह त्याला तळहातासारखा पाठ. कुठे खडक, कुठे भोवरा, कुठे तळाचा गाळ पाय धरतो, सगळं. गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचा मान गव्हाण्यांच्या घरात चालत आलेला. पाडव्याला पोरांच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून पाण्यात सोडायचं, रोज त्या बिंड्यातली एकेक कांडी काढायची, आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रिकाम्या पाठीनं पोरानं डोह लांघायचा, या काठावरून त्या खडकापर्यंत. लांघला की आईनं शिकवणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. बाकी काही घ्यायचं नाही, हा दंडक. बन्सीनं निरंजनला शिकवलं, सरपंचाला शिकवलं, नांदायला गेलेल्या कितीतरी लेकींना शिकवलं. पोरांपाशी तो छातीएवढ्या पाण्यात दोन-दोन तास उभा राहायचा, आणि सगळी घरी गेल्याशिवाय स्वतः बाहेर यायचा नाही. काठावर येणारा शेवटचा माणूस शिकवणाराच असावा, असं त्याच्या बापानं सांगून ठेवलेलं.

तोच बन्सी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाहेर आला, अंग पुसलं आणि म्हणाला की आता शिकवणं बंद. पाण्याला वास येतो. वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं, पत्र्याच्या शेडमध्ये धातूला मुलामा चढवणारी, प्लेटिंगची वर्कशॉपं उभी राहिली होती, ती सगळ्यांना दिसत होती. पण वास काही दाखवता येत नाही. गाव म्हणालं, म्हातारा थकला, निमित्त सांगतोय.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात दादासाहेबांचा पुतण्या खाणीत बुडाला. दहावीचा पोरगा, मित्रांबरोबर दगडखाणीच्या पाण्यात उतरला, पोहता येत नव्हतं. दादासाहेब उपसरपंच, मोठा तालेवार माणूस, पण त्या दिवशी बन्सीच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, बन्सीभाऊ, तुम्ही डोह सोडला नसता तर माझं लेकरू वाचलं असतं.  मान खाली घालून तो तंबाखू मळत राहिला.

विजयश्रीला ते सहन झालं नाही. वास येतो न् वास येत नाही, हा काय हिशेब झाला? मोजलं का कुणी? तिनं स्वतःचं डोकं लढवलं. आंबटपणा दाखवणारं पेनासारखं एक यंत्र मागवलं. तिची डिप्लोमाची मैत्रीण सोनल चिंचवडच्या एका लॅबमध्ये होती, तिच्याशी बोलली. पाण्यातले जंतू, धातू, सगळं तपासून द्यायचं सोनलनं कबूल केलं. पोरांची शिकायची वेळ दुपारी चारची, म्हणून बाटली भरायची ती बरोबर चारला. काठालगतचं पाणी नाही, काठावरून आत शिरलेल्या खडकावरून, दोरी सोडून. हाताचा स्पर्श नको, बाटलीवर वेळ, तारीख, सही. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसं.

आणि हे सगळं गुरुवारी. कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, चाकणपासून भोसरीपर्यंत सगळ्यांची असते तशीच. दुसरा वार तिला होता कुठे? सासू कुशाबाई शेजारणींना सांगायची, आमची सून गुरवार धरती, पण लक्ष्मीचं न्हाई, बाटलीचं. बायका हसायच्या, विजयश्रीही हसायची.

पाडव्यापर्यंत असे बारा गुरुवार झाले. बाराही वेळा पाणी चोख. सोनल म्हणाली, इतकं बरं पाणी तर मला शहराच्या वरच्या अंगालाही मिळत नाही गं. विजयश्रीनं ते बारा कागद फाइलला लावले आणि सासऱ्यापुढे ठेवले. सासऱ्याला ती मामा म्हणायची, इकडची रीतच ती.

"मामा, वास तुमच्या मनात आहे," ती म्हणाली. "हे बघा, कागदावर काही नाही."

बन्सीनं कागद उलटेसुलटे करून पाहिले. ते इंग्रजी त्याला काय वाचता येणार होतं! पण खालची तिची सही त्याला ओळखू आली. त्यावर त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तू म्हनतीस तर उतरतो."

तर पाडव्याला डोहावर जत्रा भरल्यासारखी माणसं लोटली. अकरा पोरं, त्यांत विजयश्रीची आरोहीसुद्धा, नऊ वर्षांची, सगळ्यांत लहान न् सगळ्यांत आगाऊ. बन्सीनं एकेकाच्या पाठीला बिंडा बांधला, पाण्याला हात जोडले आणि उतरला. दादासाहेबांनी डोळे पुसले. विजयश्रीला त्या दिवशी स्वतःचा जो अभिमान वाटला तो तिनं कुणाला सांगितला नाही, पण वाटला, भरपूर वाटला. उगाच कशाला खोटं बोला.

एप्रिलचे पंधरा दिवस बरे गेले. पोरांच्या अंगावर बारीक पुरळ दिसायला लागलं, पण उन्हाळ्यात घामोळं कुणाला येत नाही? आरोहीच्या पाठीवर लाल वळ आले, तर कुशाबाई म्हणाली, दोरी घासली असंल. बन्सी हल्ली घरातही गुडघ्याखाली फडकी गुंडाळून बसायचा. विजयश्रीनं विचारलं तर म्हणाला, वयाचं हाय, शिरा आखडत्यात. तिनं पुढं विचारलं नाही. तिची ड्यूटी, डबा, पोरीची परीक्षा, पुढं विचारायला वेळ तरी कुणाला होता.

मग सोळा तारखेचा बुधवार आला. दुसऱ्या दिवशी कंपनीत ओव्हरटाइम लागला होता, गुरुवार हातातून जाणार होता. नेम चुकायला नको म्हणून विजयश्री फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर परस्पर डोहावर गेली. तिची ती नेहमीची बाटली घरी. मग कंपनीतून निघताना निरंजननं आपल्या गाडीच्या डिकीतली एक रिकामी बाटली काढून दिली. तिनं खडकावरून ती सोडली, पाणी काढलं, यंत्र बुडवलं. आकडा आला पाच पॉइंट एक. लिंबू पिळल्यासारखं पाणी! दर गुरुवारी सात-साडेसात असायचा तो आकडा.

 खाली अकरा पोरं पाणी उडवत होती. सासरा त्यांच्या मधोमध छातीइतक्या पाण्यात उभा. तिनं बांबूकडे पाहिलं, पिशवीतलं लाल फडकं हातात घेतलं, आणि मग ते परत आत ठेवलं.

का ठेवलं, याचं उत्तर तिच्याजवळ तेव्हा तयार होतं. एका रीडिंगवर लाइन बंद करत नाहीत, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. आधी दुसऱ्यांदा मोजायचं. आणि बाटली तरी कसली! त्या डिकीतल्या बाटलीत कधी संडास धुवायचं ॲसिड भरलं होतं की बॅटरीचं पाणी, देव जाणे. तिनं घरी येऊन निरंजनला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, मला काय माहीत, पडली होती. झालं, चूक सापडली. त्याच बाटलीतलं पाणी सोनलच्या लॅबच्या शिशीत ओतून आधीच धाडलं होतं, तर सोनलला फोन करून सांगितलं की ते बाद समज, सावकाश बघ.

पुढच्या गुरुवारी, चोवीस तारखेला, ती स्वच्छ बाटली घेऊन चारच्या ठोक्याला हजर. आकडा सात पॉइंट चार. तिनं निःश्वास सोडला, फळ्यावर आकडा लिहिला, हिरव्या फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. वहीत सोळा तारखेपुढे लिहिलं, नमुना सदोष. खाली सही केली.

आखिती आली तीस तारखेला, बुधवारी. दादासाहेबांनी काठावर मांडव घातला होता, पुतण्याच्या नावानं पोरांना टोप्या वाटायचं ठरवलं होतं. चारला पोरं डोह लांघणार. विजयश्रीनं दोन तासांची रजा सांगून ठेवली होती.

त्या दुपारी कंपनीत एक लफडं झालं. गिऱ्हाइकाकडून तीनशे पार्टांचा लॉट परत आला. तपासणीचे कागद पाहिले तर सगळं ओके. सही धनेशची. धनेश तिच्याच हाताखालचा इन्स्पेक्टर, दोन पोरांचा बाप, अबोल माणूस. विजयश्रीनं कागद चाळले आणि तिच्या लगेच ध्यानात आलं. दहाही नमुने फर्स्ट शिफ्टचे होते. बिघाड नाइट शिफ्टच्या मशीनचा. तिनं सगळ्यांसमोर त्याला झाडायला सुरुवात केली. नमुने फर्स्टचेच का घेतले? धनेश म्हणाला, मॅडम, माझी ड्यूटी फर्स्टलाच असते ना.

"म्हणजे तुला सुट्टी असते तेव्हा मशीनलाही सुट्टी असते का?" ती म्हणाली. "तू येतोस त्याच वेळी तपासलंस, तर तुला तेवढंच दिसणार. बाकीचं..."



धनेश वाट पाहत उभा राहिला. बाकीचेही उभे. विजयश्री मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, त्यातल्या गुरुवारच्या उभ्या ओळीकडे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. गुरुवारी तिला सुट्टी. गुरुवारी सगळ्या चाकणला सुट्टी. ओढ्याकाठच्या त्या पत्र्याच्या शेडांनाही गुरुवारीच सुट्टी, त्यांचं दार उघडं तिनं गुरुवारी कधीच पाहिलं नव्हतं. ती वेळ मोजत बसली होती, चार म्हणजे चार, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. वार तिनं मोजलाच नव्हता. आणि जो एकच बुधवार हाती लागला तो तिनं स्वतःच्या सहीनं खोडला होता.

बाहेर येऊन तिनं सोनलला फोन लावला. सोनल म्हणाली, अगं मीच करणार होते, त्या तुझ्या बाद शिशीतलं पाणी कालच मशीनवर लावलं. तू म्हणालीस ॲसिडची बाटली होती. पण विजू, त्यात क्रोमियम आहे, निकेल आहे, खूप आहे. संडासच्या ॲसिडमध्ये निकेल कुठून येईल?

विजयश्रीनं गेटवर पास दिला की नाही, तिला आठवत नाही. स्कूटी कशी आणली तेही नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती. मांडवात स्पीकर वाजत होता, बायका नारळ घेऊन बसल्या होत्या, अकरा पोरं उघड्या पाठींनी काठावर ओळीनं उभी होती. बन्सी आधीच पाण्यात उतरून मधल्या वाटेवर थांबला होता, कुणी दमलं तर हात द्यायला. तिनं कुणाकडे न बघता बांबूवरचं हिरवं फडकं ओढलं. गाठ सुटेना, तिनंच घट्ट केलेली. शेवटी दातांनी सोडवली आणि लाल बांधलं. मग पोरांच्या ओळीपुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

गलका झाला. दादासाहेब तरातरा आले. त्यांनी विचारलं, हा काय खेळ आहे, आत्तापर्यंत तर हिरवं होतं. कुणी म्हणालं, सूनबाईचं डोकं फिरलं. स्पीकर बंद झाला. विजयश्री सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"पाणी खराब आहे. आजचं नाही, पहिल्यापासून. मी फक्त गुरुवारी बाटल्या भरल्या, कारण मला गुरुवारी सुट्टी असते. शेडांनापण गुरुवारीच सुट्टी असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बुधवारी एकदा खराब आलं होतं, ते मी दाबलं. चूक माझी आहे. पोरांना घरी न्या, अंग धुवा."

 मग एका आईनं पोराचा हात धरून त्याला मागं ओढलं, मग दुसरीनं. घामोळं, घामोळं म्हणून महिनाभर पावडर लावलेल्या पोरांच्या पाठी त्या आता निरखून बघायला लागल्या. एकजण विजयश्रीला जे बोलायचं ते बोललीच, तोंडावर, आणि त्यात खोटं काही नव्हतं. विजयश्रीनं ऐकून घेतलं.

बन्सी मात्र पाण्यातच होता.

"मामा, बाहेर या," ती म्हणाली.

"पोरं जाऊ दे घरला. मंग येतो."

"आत्ता या, मामा."

तो हलेना. त्याची नजर मांडवातल्या माणसांवरून फिरून तिच्यावर आली. तिला वाटलं, बापानं सांगितलेला नेम पाळतोय. पण तसं नव्हतं. कुशाबाई गर्दीतून पुढे आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, येऊ द्या आता, किती झाकाल. तेव्हा मग तो हळूहळू चालत निघाला. पाणी छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून मांड्यांना. लंगोट आणि उघडे पाय. रोज तो सगळ्यांच्या मागून, अंधार पडता पडता बाहेर यायचा, फडकी गुंडाळून घरी यायचा, म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलवटली होती. पोटऱ्यांवर पैशाएवढाल्या जखमा, खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. तो काठावर आला तेव्हा तळपायाखाली दगडावर लाल ठसा उमटला.

आरोही ओरडली नाही की रडली नाही. तिनं आपली कोरडी टोपी काढली, खाली बसली आणि आजोबांचा पाय पुसायला लागली. बन्सीनं तिला उठवलं.

दादासाहेब मांडवाकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हे तो. पण मांडव घातलेला, पाहुणे आलेले, आणि पुतण्याचं नाव त्या टोप्यांवर छापलेलं. शेवटी ते विजयश्रीकडे वळले. ते म्हणाले, उद्या गुरुवार आहे. तुझ्याच कागदावर गुरुवारचं पाणी चोख आहे, एक नाही, चौदा-पंधरा वेळा. मग एक दिवस पुढं ढकलू. उद्या पोरं डोह लांघतील. शिकलेलं वाया जायला नको, नाहीतर पुन्हा खाणीत जाऊन मरतील. तू फक्त सही दे.

दोन-चार माना डोलल्या. बोलणं काही अगदीच वेड्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विजयश्रीलाही क्षणभर मोह झाला. सही दिली असती तर सगळं निभावलं असतं. तिचे कागद खरे ठरले असते, मांडव उठला नसता, पोरीनं डोह लांघला असता. बन्सी दगडावर बसून तिच्याकडे बघत होता. त्या सोललेल्या पायांना तळाचा काळा गाळ लागला होता. तो गाळ तिनं कधी तपासला नव्हता. पाण्याच्या वरच्या वर बाटली बुडवली होती, तीही खडकावरून दोरीनं, स्वतःचा पाय एकदाही ओला न करता.

"तू म्हनशील तर उद्या उतरतो," बन्सी म्हणाला.

तो मनापासून म्हणाला होता, हेच वाईट. तिच्यावरचा त्याचा भरवसा अजून तसाच होता.

"उतरू नका," ती म्हणाली. "उद्याही नाही. कुठल्याच गुरुवारी नाही. मी सही देणार नाही."

दादासाहेबांनी हात जोडले, रागानं जोडले की दुःखानं हे कळलं नाही, आणि मांडव सोडायला सांगितलं. बायका नारळ घेऊन परत गेल्या. पोरं शिकली आणि शिकवणाऱ्याला नारळ न मिळता आखिती उलटली, असं गावात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी निरंजननं वडिलांना चाकणच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पाय पाहून विचारलं, किती दिवस उभे होतात त्या पाण्यात? महिना म्हटल्यावर डॉक्टरनं मान हलवली. जखमा भरतील म्हणाले, पण या कातडीला आता असलं पाणी थेंबभरही सोसणार नाही, डोह विसरायचा. पोरांनाही उद्याच दाखवून घ्या म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी गुरुवार, वर एक मेची सुट्टी. कंपन्या बंद, शेड बंद, रस्ता कसा सुनसान. सकाळी विजयश्री अकराही पोरांना घेऊन दवाखान्यात गेली, तिथं आयांची बोलणी खाल्ली, दुपारी प्रदूषण मंडळाला द्यायचा अर्ज लिहिला, त्यात सोळा तारखेची खोडलेली ओळही जशीच्या तशी उतरवली. चारला सवयीनं पावलं डोहाकडे वळली. उंबराखाली बन्सी बसलेला. पायांना बँडेज, मांडीवर आरोहीचा बिंडा. त्यात एकच कांडी उरली होती, ती काल काढायची होती.

पाणी खरंच सुंदर दिसत होतं. तळ दिसत होता, वास नाही, काही नाही. विजयश्री शेजारी बसली. 

"आज बाटली न्हाई आनली?" बन्सीनं विचारलं.

"नाही."

"आज चांगलं यील. बेस्तरवारी पानी ग्वाडच असतं."

विजयश्रीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो सहज बोलला होता, टोमणा नव्हता त्यात. रोज पाण्यात उभा राहणारा माणूस, त्याला वार कसा कळला नसेल? 

"तुम्हाला माहीत होतं, मामा? पहिल्यापासून?"

"म्हाईत म्हंजे, पायाला कळायचं की. बेस्तरवारी काय न्हाई. बाकी वारी चावायचं. म्हनलं, सूनबाईच्या मशीनला दिसत असंल, मला अडान्याला काय कळतंय."

"मग मला सांगितलं का नाही?"

बन्सीनं बिंड्यातली ती शेवटची कांडी ओढून काढली, हातात फिरवली.

"तू इचारलं कुटं?"

ती रडली. सासऱ्यापुढे, नदीकाठी, भर दुपारी, हुंदके देऊन रडली. म्हाताऱ्यानं तिला रडू दिलं, मधे एकदा नुसतं म्हणाला, असू दे, असू दे. नंतर तिनं डोळे पुसले, पिशवीतून वही काढली. सोळा तारखेचं पान उलटून कोरं पान उघडलं, वरती वारांची नावं लिहिली, सोमवारपासून, आणि प्रत्येकापुढे जागा सोडली.

"सांगा मामा," ती म्हणाली. "सोमवारी कसं असतं?"

बन्सी आपल्या बांधलेल्या पायांकडे बघत आठवू लागला. "सोमवारी," तो म्हणाला, "सकाळच्याला बरं असतं. दुपार कलली की घोट्याला मुंग्या येत्यात. पिवळी झाक दिसती, पन उन्हाकडं तोंड केलं तरच. लिहितीस न्हवं?"

"लिहिते," ती म्हणाली. "मंगळवारी?"